नारळ, बोअर आणि माझी निष्पक्ष फिल्म

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून फिल्मचं काम. विषय: तळहातावर नारळ आडवा धरून फिरणारे आणि तो उभा राहील तिथे बोअरची जागा सांगणारे पाणाडी. दोन्ही बाजू सारख्या दाखवायच्या. म्हणजे दाखवायच्याच. पैसे माझा मित्र कृष्णात घालतोय. त्याच्या बोअर मारायच्या गाड्या आहेत, पण त्याचा इथे काय संबंध?

९ फेब्रुवारी
भूजलतज्ज्ञ नुजहत मॅडमना फोन. विषय विचारला. 'पाणी' म्हणालो. खोटं आहे का? पैसे कुणाचे, तेही विचारलं. 'एक निसर्गप्रेमी मित्र.' तयार झाल्या, पण स्वतःही रेकॉर्ड करणार म्हणे. शिकलेल्या लोकांचा हाच वैताग. विश्वास म्हणून काही चीजच नाही.

१४ फेब्रुवारी
मुलाखत. दोन तास! नारळाचं विचारताच मॅडम भडकल्या. हे आधी का नाही सांगितलं? मी चहा मागवला. शेवटी म्हणाल्या, नारळ उभा राहतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण त्याखाली पाणी असतंच असं मुळीच नाही. एका दमात. मध्ये श्वास घ्यायला काय होतं? एडिटिंगचा कुणी विचारच करत नाही.

२० फेब्रुवारी
मलकापूरला निसारचाचा पाणाडी. कॅमेऱ्यासमोर बिनधास्त म्हणाले, "धा बोअरींतल्या चार कोरड्या जात्यात की. लपवायचं काय त्यात?" कृष्णातचं तोंड कडू. चाचांना स्वतःची बाजू नीट मांडता येत नाही. ती जबाबदारी माझी. तेवढं काढून टाकलं.

२ मार्च
मॅडमचं वाक्य 'पाहिलंय'वर कापलं. अर्थ तोच, लांबी कमी. त्यांचा मेसेज: माझा भाग आधी दाखवा. उद्या नक्की उत्तर देतो.

१० मार्च
उद्या नक्की.
फिल्म मोबाईलवर गावोगाव पोचली. शाहूवाडीहून आक्काचा फोन. थोरली बहीण, कौतुक मोजकंच. आज म्हणाली, नाव काढलंस. तीही बोअर मारणार, नारळ धरून.

४ एप्रिल, दुपारी
डोकं फिरलंय. आक्काची बोअर पाचशे फूट गेली, नुसता फुफाटा. दोन म्हशी विकल्या होत्या तिने त्यासाठी. फोनवर रडत होती. एवढी शिकलेली बाई बोलली म्हणून मारली म्हणे. मलाही फार वाईट वाटलं. म्हटलं, आक्का, तज्ज्ञही चुकतात.
ती म्हणाली, सकाळीच नंबर शोधून त्या बाईंना फोन लावलेला. "फुडचं वाक्य बी ऐकवलं त्यांनी. तू कापलंस व्हय रं, मध्या?"
मी म्हणालो, आक्का, आवाज तुटतोय.
आवाज स्वच्छ येत होता.