याची प्रत कुणालाही नाही

काशीद,
रविवार, दुपार

प्रिय सम्यक,

पोस्टाचं पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. हस खुशाल. माझ्या माहेरी तळ्याला आईकडे सगळं ठीक आहे, मीही ठणठणीत आहे, फक्त दमलेय. फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत 'काम कधी संपतंय' वर येतं, मी 'चाललंय' म्हणते, तू 'बरं' म्हणतोस आणि फोन ठेवला जातो. मेल लिहायला बसले तर बोटं आपोआप हेतलला प्रत टाकायला जातात. म्हणून कागद घेतला. याची प्रत कुणालाही नाही आणि तू वाचलंस की नाही हे सांगणाऱ्या निळ्या खुणाही नाहीत. तू सावकाश वाच.

कोळी बायकांच्या संस्थेची ही इमारत आपल्या तिघांकडे आली तेव्हा आपण किती खूश होतो, आठवतं? खाली मासळी साठवायच्या खोल्या, वर जवळा-मांदेली सुकवायला मोठी गच्ची. हेतल आर्किटेक्ट, तिची ड्रॉइंग्ज मुंबईहून येणार. बीम-कॉलमचं डिझाइन तुझं, पुण्याहून. आणि साइटवर मी. नवरा डिझाइनला आणि बायको साइटवर, आता निरोपाची काय चिंता, असं हेतल ज्याला त्याला सांगायची. मलाही ते खरंच वाटायचं. मग व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप निघाले. एक सगळ्यांचा. त्यात फार 'गुड मॉर्निंग' यायला लागली म्हणून हेतलने 'ड्रॉइंग्ज फायनल' काढला. ठेकेदाराच्या माणसाने, सनीने, माल आणि माणसांसाठी 'साइट ओन्ली' काढला. संस्थेच्या बायकांचा आपला वेगळा, त्यात नुसते आवाजी निरोप. पुढे 'फायनल'मधली ड्रॉइंग्ज बदलली, तर 'फायनल नवीन' आला. मी सगळ्यांत होते. दिवसभर फोन खिशात थरथरायचा आणि संध्याकाळी कळायचं, की कामाचं कुणीच काही बोललेलं नाही.

जिन्याचं प्रकरण तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने मी कधी सांगितलंच नाही, कारण तोवर आपण भांडलो होतो. तर ऐक. संस्थेच्या अध्यक्ष नीराबाईंनी अगदी सुरुवातीला सनीला आवाजी निरोप पाठवला होता, की जिन्यावरून मासळीची पाटी नीट जायला हवी. सनीने ते ऐकलं आणि 'साइट ओन्ली'वर टाकलं, बायकांना जिना मोठा हवा. तिथून मी हेतलला कळवलं, जिना रुंद हवा. हेतलने रुंद केला, तुला मेल केली, जिना रुंद झालाय, डिझाइन तपास. जिना रुंद झाला म्हणजे भार वाढला, म्हणून तू वळणावरचा बीम खोल केलास, तो आणखी खाली उतरला. बरोबरच केलंस. प्रत्येकाने आपापल्या परीने बायकांचं म्हणणं ऐकलं आणि सगळे खूश झालो. हेतलने तर हात जोडलेल्या बाहुल्या टाकल्या होत्या.

काँक्रीट सुकून खालच्या फळ्या काढल्यावर नीराबाई पहिल्यांदा वर चढल्या, डोक्यावर जवळ्याची भरलेली पाटी घेऊन. हौसेने निघाल्या होत्या, मागे बाकीच्या बायका. वळणावर आल्या आणि थांबल्या. तुझ्या बीमखालून तू, मी, हेतल मान ताठ ठेवून जातो. पण डोक्यावर पाटी असली की ती बीमला लागते, आणि पाटीखालच्या बाईला वाकता येत नाही. मी म्हटलं, पाटी उतरवून हातात घ्या. त्यांनी पाटी तशीच डोक्यावर धरली. "पाटी डोक्याव नाय त काय हातान नेवाची? आमाला वाटला तुमाला म्हायती हाय," एवढंच म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. यांच्या आयुष्यात इतकी उघड गोष्ट, की ती सांगावी लागेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि मी तळ्याची, मासळी बाजारातून पिशवीत आणणारी. मला विचारायचं सुचलं नाही.

त्या दुपारी मी सगळ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. बीम फोडावा लागणार हे मला दिसत होतं, आणि गच्ची बंद म्हणजे सुकवणीचे चांगले दिवस हातचे जाणार हेही. मला वाटलं तू फोन करशील. तुझा मेसेज आला, तोही सगळ्यांसमोर, 'दीक्षा मॅडम, ही माहिती डिझाइनच्या आधी मिळायला हवी होती.' चूक काहीच नव्हतं त्यात. मी लिहिलं, 'नोटेड सर.' सनीने अंगठा टाकला. सम्यक, त्या ग्रुपवरची निम्मी माणसं आपल्या लग्नाला आली होती.

नंतर तू ग्रुप सोडलास. उथळ बीमचं नवं डिझाइन तू हेतलला पाठवलंस आणि ते मला 'फायनल नवीन'वर मिळालं, जसं सनीला मिळालं तसं. चांगलं डिझाइन होतं, तुला सांगायचं राहून गेलं. टेकू लावून बीम फोडला तेव्हा सगळीकडे धूळ झाली, खालचं सामान झाकून ठेवावं लागलं, आणि बायकांनी जवळा पुन्हा वाळूवर पसरला, कावळे-कुत्री हाकत. तू तेव्हा पुण्यात नवीन घर बघत होतास. मला स्वयंपाकघराचे फोटो पाठवलेस. ओटा कसा वाटतो विचारलंस, मी 'छान' म्हटलं. खरं सांगू, मी तो फोटो मोठा करून बघितलाही नव्हता. भिंतीवर हात फिरवला की हात पांढरा होत होता आणि डोक्यात फक्त ते 'मॅडम' होतं.

इथली खबर म्हणशील तर किनाऱ्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, घोडागाड्या आणि वाळूतल्या मोटारींचा नुसता गोंगाट. सोमवारी सगळं निपचित. माझ्या खोलीच्या मागे सुरूची झाडं आहेत आणि घरमालकीण कोकिळाताई मला रोज विचारते, "मालक कवा येतील?" मी तिलाही 'येतील' म्हणते. कोणालाही सगळं सांगायचं त्राण उरलेलं नाही. दिवसभर निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाला स्वतःचं काही सांगायचं असतं हे संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. तुझंही तसंच होत असेल का? आपण कधी विचारलंच नाही एकमेकांना.

आता जे सांगायला बसले होते ते सांगते. काम संपलंय. आत्ता नाही, कधीच संपलं, दिवाळीच्या आधी. नवीन बीमखालून बायका रोज पाट्या घेऊन वर जातात, गच्ची गुलाबी दिसते जवळ्याने. उद्घाटनाचे फोटो ग्रुपवर आले, तू तिथे नव्हतास. हेतलला वाटलं मी तुला सांगितलं असेल, एका घरातली माणसं आपण. मला वाटलं हेतल सांगेल. आणि तुला तिच्याकडूनही काही कळलेलं नाही हे लक्षात आलं तेव्हा, खरं लिहिते, मला बरं वाटलं. तू दर रविवारी विचारत राहिलास आणि मी 'चाललंय' म्हणत राहिले, कारण 'संपलं' म्हटलं असतं तर तू पुढच्या शनिवारी गाडी घेऊन आला असतास आणि मी सामान भरलं असतं. मला इथे कुणी अडकवलेलं नाही. मी राहतेय, कारण मला अजून तिकडे यावंसं वाटत नाही. का, ते मला नीट सांगता येत नाहीये, पण तुझ्यावर माया नाही म्हणून नक्की नाही. ते माझं मलाच कळायचंय, आणि कळलं की पहिल्यांदा तुलाच सांगेन. तोवर एक कर. मला न्यायला येऊ नकोस. भेटायला ये.

तुझीच,
दीक्षा