बॅटरी निघाली, त्याची हकिकत

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल अशी आशा आहे. मामींचा खोकला थांबला नसेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. हसल्यावर त्यांना ढास लागते.

आमच्या विजेवरच्या स्कूटरची बॅटरी काल सायंकाळी पावणेसहाला सीटखालच्या खोबणीतून बाहेर आली. तळमजल्यावरच्या शिंप्याने हे समक्ष पाहिलं आणि तुमच्या भाचेसुनेला तसं सांगितलं. (माझ्या शब्दावर ती हल्ली विसंबत नाही.)

प्रकरण गंभीर आहे. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. पाळी सकाळी साडेसहाची. बॅटरी रोज संध्याकाळी काढून तिसऱ्या मजल्यावर, उबेत, चार्ज करावी लागते. थंडी पडली तसं खोबणीतलं रबर दगडासारखं झालं आणि बॅटरी हलेना. अकरा किलोचं धूड, वर धरायला कडी एवढीशी, त्यात हातमोजे. मी पुस्तकबांधणीतला माणूस. घट्ट बसलेली गोष्ट सैल करणं हे आमच्या धंद्याच्या विरुद्ध. तरीही मी डोकं चालवलं आणि खोबणीला खोबरेल तेल चोपडलं. बॅटरी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मी शेजाऱ्यांना बोलावून तीनदा काढून दाखवली. (शिंपी म्हणाला, "अहो, आता घालून ठेवा, नजर लागेल.")

दुसऱ्या दिवशी स्कूटर दिवसभर इस्पितळाच्या उघड्या आवारात उभी होती. थंडीत खोबरेल थिजतं, हे घरातल्या बाटलीकडे बघूनही मला सुचलं नव्हतं. संध्याकाळी बॅटरी जणू सिमेंटात बसवलेली. ती निघाली नाही म्हणून चार्ज झाली नाही, आणि परवा पहाटे स्कूटर पुलावर बंद पडली. बाई वीस मिनिटं उशिरा पोचल्या. मेट्रनने सांगितलं, की आणखी एक उशीर झाला तर मुलांचा वॉर्ड सुटेल आणि कागदपत्रांच्या खोलीत बदली होईल. त्या वॉर्डात एक चार वर्षांची मुलगी तिच्याशिवाय कोणाला सुई टोचू देत नाही. घरी आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "तुमचं डोकं चालायला लागलं की माझी गाडी थांबते."

काल मी आणि शिंप्याने गरम पाण्याच्या दोन पिशव्या अर्धा तास खोबणीवर दाबून धरल्या. तेल पातळ झालं, आम्ही ओढली, बॅटरी आली. मी पाठीवर पडलो, ती माझ्या पोटावर. बॅटरीला काही झालेलं नाही.

तुमचा
भाचा

ता. क. : पुन्हा असं होऊ नये म्हणून बॅटरीच्या खालून बांधणीच्या जाड कापडाची दुहेरी पट्टी घेऊन ती सरसाने चिकटवली. ओढायला उत्तम. मात्र त्या जाडीमुळे बॅटरी आता खोबणीत जात नाही, आणि सरस वाळलाय. आज तिची सुटी होती, उद्या नाही. तुमची स्कूटर दोन दिवस मिळेल का?

ता. ता. क. : पत्र शिंप्याच्या हाती पाठवतो आहे. तिने ते वाचलं. उद्या पहाटे साडेपाचला ती तुमच्या दारात येईल. किल्ली तिच्याच हातात द्यावी, आणि तुमच्या स्कूटरला काय सुधारणा हवी आहे हे मला कळवू नये, असं तिचं सांगणं आहे.