सप्टेंबरचा ताटवा

१२ मार्च

डॉट घरी येणार!

दुपारी मठातून तिथल्या प्रमुख मदर प्रायोरेसचा फोन. "मिसेस पॅरी, आधी खुर्ची घ्या." मी उभीच राहिले. मठ बंद होतोय. नऊ सिस्टर उरल्यात, छप्पर गळतं, वर चढून पाहणारं कुणी नाही. २९ सप्टेंबरला, मायकेलमसच्या सणाला, सगळ्याजणी दूर उत्तरेतल्या यॉर्कशरच्या मठात जाणार, कायमच्या. पण त्याआधी प्रत्येकीला एक आठवडा आपल्या माणसांत राहायची मुभा. माझ्या बहिणीचा, डॉटचा आठवडा शेवटचा — सणाच्या आधीचा.

एकवीस वर्षांची असताना ती या घरातून गेली. आई वारली तेव्हासुद्धा आली नाही. तेव्हा मठाबाहेर पडायची मुभा नव्हती. मी वर्षातून दोनदा तिथे जाते, भेटीच्या खोलीत समोरासमोर बसतो, चहा मिळतो, घंटा वाजते, ती उठते.

आणि आता पूर्ण आठवडा!

फोन ठेवून खिडकीशी गेले. सप्टेंबरच्या शेवटी आपल्या बागेत असतं काय? काड्या. तपकिरी काड्या आणि ओला पाचोळा. आईचा ताटवा जूनमध्ये पेटतो — पिओनी, डेल्फिनियम, आयरिस — आणि जुलै उजाडला की विझतो. डॉट गेली तेव्हा जून होता. तिच्या डोळ्यांत तोच ताटवा असणार.

तिला काड्या दाखवायच्या? मुळीच नाही.

१६ मार्च

ताटव्याचा निम्मा भाग उपसला. जुनी झुडपं मधून पोकळ झालीत, कडेलाच फुटतात. दोन दाताळी पाठीला पाठ लावून मधोमध खुपसायची आणि बाहेर ओढायची — कर्र आवाज करत गड्डा फाटतो. नवरा होता तोवर हे काम तोच करायचा, लेनर्ड, शिट्टी वाजवत. मी कण्हत करते.

शेजारची ऑलिव्ह भिंतीवरून बघत होती. "कुणाला पुरतेयस गं?"

"अ‍ॅस्टरला जागा करतेय. हेलेनियम, उशिराचे फ्लॉक्स, जपानी अ‍ॅनिमनी. यंदा ऑक्टोबरपर्यंत फूल हवं."

"तुझ्या बहिणीला आयुष्यभर चार भिंती पुरल्या. तिला काय कळतंय अ‍ॅस्टर आहे की कोबी!"

ऑलिव्ह प्रॉसरला मी चाळीस वर्षं ओळखते. तिला काय कळतंय डॉटचं.

४ एप्रिल

मठात जाऊन आले. डॉट बारीक झालीय. शिरोवस्त्राखाली चेहरा एवढासा दिसतो, डोळे मात्र तेच, खट्याळ. बसल्या बसल्या माझा हात ओढून पाहिला. "नखांत माती! सिस्टर इग्नेशियानं छडी मारली असती."

शाळेतल्या सिस्टर इग्नेशिया! भरतकामाच्या तासाला कापडावर बोटभर जागा रिकामी दिसली की म्हणायच्या, "इथे तुमचा आळस दिसतोय, मुलींनो." दोघी इतक्या हसलो की दारावरच्या सिस्टरनं डोकावून पाहिलं.

मग डॉट म्हणाली, "आठवडा आठवडा करतायत सगळ्या. मला खरं तर एक सकाळ मिळाली तरी पुरे."

"एक सकाळ कशाला? काय काय बघायचंय अजून! तू ये तर."

ती काहीतरी बोलणार होती. घंटा वाजली.

२० एप्रिल

ईस्टर. चर्चमध्ये मिसाला गेले. मन प्रार्थनेत नव्हतं, गोगलगायींत होतं.

२३ मे

छाटणी केली. लंडनला चेल्सीचं पुष्पप्रदर्शन भरतं त्या आठवड्यात इथे सगळेच करतात. चांगली वाढलेली रोपं अर्ध्यावर कापायची, म्हणजे ती रागावून नव्यानं फुटतात आणि महिना-दीड महिना उशिरा फुलतात. फ्लॉक्स, हेलेनियम, अ‍ॅस्टर, सेडम यांना ते मानवतं.

पिओनीला मानवत नाही. डेल्फिनियमला नाही. मला ठाऊक आहे. लहान पोराला ठाऊक आहे!

पण कात्री चालायला लागली आणि मी ताटव्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. सगळं सारखं, गुडघ्याएवढं. मागे वळून पाहिलं तर गवतावर पिओनीच्या कळ्या. घट्ट, गोल, लहान मुलांच्या मुठींसारख्या. आईच्या पिओनी! या वर्षी आता नाहीत.

भांड्यात ठेवल्यात. उमलतील असं वाटत नाही.

मला जून नकोच होता बहुतेक. जून डॉटला घेऊन गेला.

८ जून

आज गावातल्या बागा लोकांसाठी उघड्या. चर्चच्या छपरासाठी. दर वर्षी सगळ्यात जास्त गर्दी माझ्याकडे — आईच्या ताटव्यासाठी माणसं लेडबरीहून येतात. नाव मागे घ्यायला हवं होतं, पण बागांच्या यादीचे कागद हिवाळ्यातच छापून झाले होते.

आली माणसं. फाटक उघडलं आणि समोर हिरवे खुंट. एक गृहस्थ टोपी काढून उभे राहिले, कुणी गेल्यासारखे. एक बाई हळूच म्हणाली, "हरणं शिरली का हो?"

"नाही. मी शिरले."

"वर्षभर वाट पाहिली होती," असं म्हणत एक जोडपं चहासुद्धा न घेता गेलं. ऑलिव्ह चहाबरोबरचे गोड पाव, स्कोन, वाटता वाटता प्रत्येकाला सांगत होती, "सप्टेंबरात या. विनीनं उन्हाळा पुढे ढकललाय!" वर मला दटावणी — "हस की जरा. स्कोन तरी जूनमधले आहेत."

हसले. लोक गेल्यावर भांडी विसळताना रडले थोडी.

१९ जून

पाऊस. गोगलगायींनी दोन हेलेनियम फस्त केले. नवीन आणले.

११ जुलै

मदरांचा पुन्हा फोन. सिस्टरांचे आठवडे जरा मागेपुढे झालेत, सामान हलवणारे लोक लवकर येतायत. "डॉरथीला पुढच्या गुरुवारी पाठवू का तुमच्याकडे? तिची तयारी आहे. सप्टेंबर हवा असेल तर तोही आहे, पण शेवटी शेवटी घाई होईल."

पुढच्या गुरुवारी!

हातात फोन तसाच, खिडकीतून पाहिलं. जून कापून टाकलेला आणि सप्टेंबर अजून जमिनीत. मधे नुसती माती, बांबूच्या काठ्या, वीतभर फुटवे. वर्षातला सगळ्यात उघडा दिवस.

म्हटलं, "सप्टेंबरच बरा, मदर. तोवर छान होईल सगळं."

पलीकडे पेन खरडल्याचा आवाज. मग, "बरं. तिला तसं सांगते."

ऑलिव्हला सांगितलं तर तिनं हातातली टोपली खाली ठेवली. "वेडी आहेस का तू? पन्नास वर्षांनी बाई घरी येतेय आणि तू म्हणतेस फुलं आली की ये?"

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"सगळे बागवाले मेले एकजात सारखे. कधीही या, म्हणणार — गेल्या आठवड्यात यायला हवं होतंत, नाहीतर पुढच्या पंधरवड्यात या!"

खरंय. मी स्वतः किती जणांना हे म्हटलंय. पण ती गंमत असते. ही गंमत नाही. तिला सगळं भरलेलं दिसायला हवं.

१२ जुलै

मदरांना फोन करून सांगावं का, पाठवा म्हणून? केला नाही.

१७ ऑगस्ट

फ्लॉक्स फुलले. संध्याकाळी त्यांचा वास दारापर्यंत येतो, गोड, मिरीसारखा जरासा तिखट. हेलेनियम पाठोपाठ — तांबूस, गंजलेले, मधमाश्या लोंबकळतायत. अ‍ॅनिमनीच्या गोल कळ्या. अ‍ॅस्टर अजून हिरवे, पण दाट, कमरेपर्यंत. एकाचं संपतंय तिथे दुसऱ्याचं सुरू होतंय. कुठे बोटभर जागा रिकामी नाही, सिस्टर इग्नेशिया!

ऑलिव्ह आली, बराच वेळ गप्प राहिली. हे तिच्याकडून बक्षीसच. मग म्हणाली, "खरं सांग. एका आठवड्यासाठी एवढं?"

मी तण उपटत राहिले.

"तिला ठेवून घ्यायचंय तुला. पिंजरा बांधतेयस, फुलांचा."

हिला कसं कळतं! इथे तरी लिहिते. होय. तिनं खिडकीतून पाहावं आणि म्हणावं, विनी, मी नाही जात यॉर्कशरला. मागची खोली तिचीच होती. कुणाला विचारायचं असेल तर मी विचारेन, बिशपना लिहीन. ती एकाहत्तरची आहे. देवाला पन्नास वर्षं मिळाली. मला उरलेली मिळावीत — एवढं मागणं पाप आहे का?

असेलही.

१२ सप्टेंबर

अ‍ॅस्टर फुलले! जांभळे, निळसर, एक गर्द गुलाबी. या भागात त्यांना मायकेलमस डेझीच म्हणतात, सणाच्या नावानं — डॉट हसेल. मागची खोली उघडली. पलंगावर आईची रजई. पलंग फिरवून खिडकीकडे तोंड केलं, म्हणजे उठल्या उठल्या ताटवा दिसेल. उशीवर डोकं टेकून मी स्वतः पाहून घेतलं. दिसतो.

पुढच्या शनिवारी.

१६ सप्टेंबर

डॉट पडली. मठाच्या जिन्यात, पुस्तकांचं खोकं घेऊन उतरताना. खुब्याचं हाड मोडलं.

१८ सप्टेंबर

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आहे. मी बाहेर बाकावर होते, पाच मिनिटं आत सोडलं. औषधाच्या गुंगीत होती. "विनी, किती वाजले?" एवढंच सारखं.

२९ सप्टेंबर

मायकेलमस. आज तिला रुग्णालयातूनच परस्पर उत्तरेला नेलं, रुग्णवाहिकेतून. तिथे मठातच आजारी सिस्टरांची देखभाल होते, असं मदर म्हणाल्या. त्यांचाही आवाज थकलेला. "फार वाईट वाटतं हो, मिसेस पॅरी. जुलैत…" आणि थांबल्या. भल्या बाई आहेत. पुढचं बोलल्या नाहीत.

ताटवा आज जसा आहे तसा आईच्या वेळीही नव्हता. उन्हात सगळा जांभळा आणि तांबडा, फुलपाखरांचे थवे. रस्त्यानं जाणारे भिंतीशी थांबतायत. जूनमधलं ते रुसलेलं जोडपंही आलं होतं. बाई ओरडून म्हणाली, "अहो, वाट पाहिल्याचं सार्थक झालं!"

मी मागच्या खोलीचा पडदा ओढला.

९ ऑक्टोबर

यॉर्कशर. तीन गाड्या बदलून. माळरान, वारा, काळ्या दगडाचं घर. डॉटच्या खोलीची खिडकी कोळशाच्या कोठारावर उघडते.

ती उशांना टेकून बसली होती. मी फोनवर ताटव्याची छायाचित्रं काढून नेली होती. एकेक दाखवली. "छान. हेही छान," म्हणाली — शाळेत पाहुण्यांनी आणलेल्या केकबद्दल म्हणायचो, अगदी त्या आवाजात. मग फोन माझ्या हातात परत दिला.

"जुलैत का नाही गं नेलंस मला?"

खोटं बोलता आलं असतं. "बाग तयार नव्हती," म्हणाले.

ती बघतच राहिली. मग हसायला लागली. खुबा दुखतोय म्हणून एका हातानं धरून, डोळ्यांत पाणी येईतो हसली. "फुलांसाठी? अगं विनी, फुलांसाठी?"

"तुला सगळं भरलेलं दिसायला हवं होतं."

"मला काय बघायचं होतं माहितेय? काही नाही. सकाळी नऊला उठायचं होतं. घंटेशिवाय. झग्यावरच तुझ्या स्वयंपाकघरात येऊन टोस्ट खायचा होता, करपलेला, वर भरपूर मुरंबा. आणि तू म्हणायचंस, डॉट, किती गं लोळतेस! एवढंच. गुरुवार म्हणून मी पिशवीसुद्धा भरून ठेवली होती."

तिनं माझा हात घेतला, नखं पाहिली आणि तसाच धरून ठेवला.

निघताना म्हटलं, "एप्रिलात येते परत. तेव्हा गाड्या बऱ्या असतात, वाराही कमी."

"एप्रिलात," ती म्हणाली. "ये." आणि कोठाराकडे बघू लागली.

दाराशी पोचवायला आलेल्या सिस्टर तरुण, व्हिएतनामच्या. म्हणाल्या, "भेटायला रोज दुपारी येता येतं, दोन ते चार. दुपारी कुणी आलं की सिस्टर डॉरथीचं जेवण बरं जातं." मग हळूच, "पण तुम्ही लांबच्या, नाही का?"

परतीच्या गाडीत काच धूसर झाली होती. पुसली नाही.

१० ऑक्टोबर

ऑलिव्हला सगळं सांगितलं. टोमणा मारला नाही तिनं. केटली ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मला जमायचं नाही तुझ्याशिवाय. पण ते तू मनावर घेऊ नकोस." मी अजून काही ठरवलंसुद्धा नव्हतं.

१५ ऑक्टोबर

सकाळी घर विकण्यासाठी दलाल येऊन गेला. डॉटच्या मठाच्या गावात बेकरीवरच्या दोन खोल्या भाड्यानं आहेत, पुढच्या सोमवारपासून मिळतात. दलाल भला माणूस, ताटव्यापाशी उभा राहून कळवळून सांगत होता, "मिसेस पॅरी, ऐका माझं. आता हे सगळं उतरणीला लागणार. जूनपर्यंत थांबा, बाग भरात असताना दाखवू."

म्हटलं, "आजच पाटी लावा."