विमा की बँक, आप्पा?

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता वयानं मीच तुमच्याहून मोठी आहे. तेव्हा आज जरा दटावूनच बोलते, ऐका. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय. आयुर्विमा कंपन्यांचे शेअर आता पुन्हा कुणालाही घेता येतात, तेही घरबसल्या, आणि माझं काही ठरत नाही. विम्याचे घ्यावेत की बँकेचे? बँकेचा नफा दर तिमाहीला डोळ्यांना दिसतो, पण कर्जं बुडाली की तोही बुडतो. विम्याचा धंदा संथ. आज हप्ता घ्यायचा आणि खरं काय कमावलं ते वीस वर्षांनी कळायचं. तुमच्यापाशी बसून यावर मस्त वाद घालता आला असता.

तुमचा या दोन्हींतला अनुभव म्हणजे अख्ख्या भुसार पेठेची करमणूक. तरुणपणी तुम्ही विमा कंपनीचे शेअर घेतलेत, सरकारनं विमा ताब्यात घेतला. मग शहाणे होऊन बँकेचे घेतलेत, तर सरकारनं बँकाही घेतल्या! शेजारचे दुकानदार हात जोडायचे, "मालक, आमच्या दुकानात तेवढा शेअर घिऊ नका की!" आणि सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसायचा.

त्या बँकेची भरपाई हातात आली तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. काकांचं म्हणणं, पैसा आयता आलाय, पोरगी उजवून टाका. आई, आपली अव्वा, चुलीपुढं भाकरी थापतेय, मी ताटं मांडतेय, आणि तुम्ही जेवता जेवता म्हणता, "तिलाच इचारू. पोरी, यव्वा, या पैशाचं काय करायचं ते तूच चौकशी करून सांग. आपल्या गावच्या सहकारी बँकेचे शेअर घ्यायचे, का माझ्या नावानं विम्याची पॉलिसी? पटंल असं बोललीस तर कॉलेज. न्हाय तर काका म्हणत्यात तसं." काकांनी स्थळसुद्धा बघून ठेवलं होतं, मोहोळचं.

आठ दिवस मी पायपीट केली. बँकेत जाऊन ताळेबंद मागितला, तर कारकून म्हणाला, "पोरी, हे काय शाळेचं प्रगतिपुस्तक हाय व्हय?" मी रडतच दुकानात आले. वाटलं होतं, जवळ घ्याल. तुम्ही तराजू खाली ठेवून असे कडाडलात, की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं. "भीक मागाय गेलतीस का? शेअर घेतला की मालक आपण. मालकानं हिशेब मागायला लाज कसली? जा परत!" गेले की परत. ताळेबंद घेऊनच आले.

रविवारी जेवणं झाल्यावर माझी परीक्षा. मी बँक सांगितली. दरसाल लाभांश मिळतो, वार्षिक सभेत उभं राहून जाब विचारता येतो, आणि तुमच्या वयाला विम्याचा हप्ता लई जड जाईल. सगळं एका दमात बोलले. काका म्हणाले, "आन् ही बी सरकारनं घेतली तर?" अव्वासुद्धा पदराआड हसली. तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "घिऊ दे. पोरगी तर शिकंल."

दुसऱ्या दिवशी पेठेत दवंडी. "आमची पोरगी ताळेबंद वाचती!" लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला, आप्पा. मी कॉमर्सला गेले आणि जन्मभर बँकेत नोकरी केली. व्यवहारातलं मला उपजतच कळतं असं तुम्ही शेवटपर्यंत सांगत राहिलात, आणि मी ते ऐकून घेत राहिले.

आता हे तुम्हाला पोचणार नाही म्हणूनच सांगायचं धाडस होतंय. त्या आठवड्यात मी विम्याचा फॉर्मही आणला होता. त्यावर एके ठिकाणी छापलं होतं, मृत्यू झाल्यास रक्कम कोणाला द्यावी. तुमच्या नावाखाली मला माझं नाव लिहायचं होतं. मी पेन उचललं आणि खाली ठेवलं. लाभांश, सभा, जड हप्ता, हे सगळं मी त्यानंतर शोधून काढलं.