कारणाची रिकामी चौकट

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय रोगनोंदणी कार्यालय.

विषय : नव्या रोग-वर्गीकरणात तीन रुग्णांच्या आजाराचे कारण गळाल्याबाबत.
संदर्भ : नवे वर्गीकरण लागू करण्याविषयीचे आपले परिपत्रक.

महोदय,

खुर्ची जरा जवळ ओढून घ्यावी, एक आख्यान सांगते. मी कीर्तनवेडी बाई. पाल्हाळ झाला तर पदरात घ्यावा.

१. मी सरकारी रुग्णालयाच्या अभिलेख कक्षात एकवीस वर्षे लिपिक आहे. दगडाच्या धुळीने फुप्फुस निकामी झाले, तर जुन्या वर्गीकरणाच्या पुस्तकात आजार आणि कारण मिळून त्याला एकच क्रमांक होता. नव्यात दोन चौकटी आहेत : एकीत आजार, दुसरीत कारण. तक्रार पद्धतीबद्दल नाही.

२. गेल्या महिन्यात जुन्या फायली नव्या नोंदीत उतरवल्या. कुत्रा चावलेल्याच्या चौकटीत कुत्रा आहे, शिडीवरून पडलेल्याच्या चौकटीत शिडी आहे. फरशी घासण्याच्या एकाच कारखान्यातल्या तिघांपुढे मात्र "कारण नमूद नाही". एका कारखान्यातून धुळीचे तीन रुग्ण नोंदले गेले की तपासणी होते, हा नियम आपणांस ठाऊक आहेच. मग नेमके हे तीनच रिकामे कसे? पाणी कुठेतरी मुरते आहे.

३. हे उतरवणे चालू होते त्याच आठवड्यात कारखान्याचे व्यवस्थापक आमच्या अधीक्षकांकडे दोनदा चहाला आले. चहाला कोणीही यावे. पण जाताना त्यांनी माझ्या खोलीत डोकावून "काय ताई, काम कुठवर आलं?" असे विचारले. एकवीस वर्षांत या खोलीची विचारपूस उंदरांखेरीज कोणी केलेली नाही.

४. अधीक्षक मला म्हणाले होते, "आजाराचं नाव आलं ना? मग झालं! कारणाचं काय लोणचं घालायचंय? रिकामं ठेवा, मागाहून भरू." लेखी मागितले तर हसले.

५. आता देवाला स्मरून लिहिते. त्या चौकटी मीच रिकाम्या सोडल्या. पडताळणीची सहीही माझीच. तिसरा रुग्ण माझा धाकटा भाऊ. कीर्तनात मागे उभा राहून ध्रुपद उचलायचा. आता अर्ध्या ओळीत खाली बसतो. भावासाठी भांडते, असा बोल नको म्हणून मी गप्प राहिले, आणि त्याच्याबरोबर उरलेल्या दोघांचेही कारण पुसले गेले. त्याला सांगितले तेव्हा म्हणाला, "अक्का, मग मला झालंय ते काय आभाळातून पडलं?"

६. सही झालेली नोंद आता फक्त आपले कार्यालय उघडू शकते. ती उघडून कारण भरावे, तपासणी लावावी, माझ्यावर काय ती कारवाई करावी. त्या कारखान्यात आजही अकरा जण फरशी घासत आहेत. अर्ज अधीक्षकांमार्फत का पाठवला नाही, हे वर आलेच आहे.

तिघांतला पहिला, ज्याला सारे 'मिस्त्री' म्हणत, गेल्या आठवड्यात गेला. मागे रडायला कोणी नाही. मृत्यूच्या दाखल्यावरही "कारण नमूद नाही" असेच आले. तपासणीला याल तेव्हा खिडकीजवळच्या घासणयंत्रापाशी क्षणभर थांबावे. ती त्याची जागा. त्याची तेवढी आठवण ठेवावी.

आपली नम्र,
(सही)
लिपिक, अभिलेख कक्ष
दि. ९ जून

सोबत :
१. तिन्ही जुन्या फायलींच्या प्रती.
२. मिस्त्रींचे तोंडाला बांधायचे फडके. कृपया झटकू नये.