तिसऱ्या कडव्याला रडायचं

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी दारातला बर्फ उपसला. दुपारी हिरोसाकीहून किनुयोताईंचा फोन. हात्सुएची ही थोरली बहीण. म्हणाल्या, भावोजी, ८ मार्चला, एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मी येतेय, आणि हात्सुएच्या निम्म्या अस्थी माहेरी नेणार, आईबाबांशेजारी ठेवणार. मी कारण विचारलं. तर म्हणे, स्मशानात गाडीचा ड्रायव्हरसुद्धा डोळे पुसत होता आणि तुम्ही गटाराचं झाकण न्याहाळत होता. बायको गेली तरी ज्या घरात कुणी रडत नाही, तिथे माझी बहीण थंडीने काकडेल.

झाकण तिरकं बसलं होतं हे खरं.

हात्सुएला कुठेही पाठवायची माझी तयारी नाही. निम्मीसुद्धा नाही. तेव्हा त्या दिवशी सर्वांदेखत रडायचं. ठरलं. उपाय घरातच आहे, विरहगीतं. शनिवारी टीव्हीवर ती लागली की हात्सुए हमखास रडायची. तोंडाला रुमाल, खांदे गदगदा हलतायत. मी सभ्यपणे पाठ करून बूट पॉलिश करत बसायचो. इतक्या वर्षांत एकदाही वळून पाहिलं नाही.

९ फेब्रुवारी
हात्सुएची टेप सापडली. तिचं सगळ्यात आवडतं गाणं पहिलंच आहे. बर्फात बंदरावर उभी असलेली बाई. तिसऱ्या कडव्यात बोट येते, बोटीत तो नसतो. ऐकलं. डोळे कोरडे. दोष गाण्याचा नाही. पाय शेगडीच्या टेबलाखाली रजईत होते. ऊब असताना कोण रडेल?

१० फेब्रुवारी
खिडकी उघडून ऐकलं.

११ फेब्रुवारी
सर्दी. नाक सारखं वाहतंय. नाक आणि डोळे आतून जोडलेले असतात. पाणीपुरवठा खात्यात जन्म काढला की अशा गोष्टी कळतात. एक पाइप चालू झाला, दुसरा होईलच. प्रगती समाधानकारक.

१४ फेब्रुवारी, शनिवार
एकट्याने ऐकून भागणार नाही, दुसऱ्यांना रडताना पाहायला हवं. म्हणून कराओके बारमध्ये गेलो. ओनोदेरा न्हावी बोटीचंच गाणं म्हणत होता. पहिल्याच कडव्याला कोपऱ्यातले दोघे ढसाढसा रडले. मी बारकाईने निरीक्षण केलं. मालकीणबाई मासायो म्हणाल्या, इवाबुचीसान, अहो, दुखवट्यातला माणूस असा बसतो? आमचं मीटर वाचायला आल्यासारखे दिसताय.

दुसऱ्या कडव्यात ओनोदेरा मध्येच थांबला. म्हणाला, तो आवाज बंद करा हो, माझा सूर जातोय. मी ग्लासातला बर्फ हलवणं थांबवलं. त्याने परत सुरुवात केली, परत थांबला, आणि माझ्याकडे बघत बसला. मग रडणारे दोघेही हसायला लागले. दारू चढली की माणसाला दुःखाचं गांभीर्य राहत नाही. पुन्हा तिथे पाऊल ठेवायचं नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा गेलो. सरावात खंड नको. ओनोदेराने मला पाहून दुसरं गाणं निवडलं. तेही मध्येच सोडलं. त्याचा घसा बिघडला असावा.

२२ फेब्रुवारी
देवळात गुरुजींना भेटलो. त्या दिवशी घरी मंत्रपठणानंतर, जेवणाआधी टेप लावू का, असं विचारलं. म्हणाले, आधी ऐकवा. ऐकवली. दुसऱ्या कडव्याला त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, खांदे हलायला लागले. एवढे विरक्त गृहस्थ, पण मन लोण्याचं. नंतर भरल्या आवाजात म्हणाले, अवश्य लावा, आणि तुम्ही असेच शेजारी बसा. अनुमती मिळाली.

१ मार्च
अजून एक थेंब नाही. काळजीचं कारण नाही. आत साठा होत असणार. धरण भरेपर्यंत बाहेरून काही दिसत नसतं.

७ मार्च
दोन रुमालांना इस्त्री केली. दुसरा किनुयोताईंसाठी, त्या हेलावतील म्हणून. तिसऱ्या कडव्याला, बोट लागताक्षणी रडायचं. शंकेला जागाच नाही.

८ मार्च, रविवार
किनुयोताई आल्या. कापडात बांधलेला छोटा रिकामा कलश मांडीवर घेऊनच बसल्या. मंत्र झाले. मी टेप लावली.

पहिलं कडवं. काही नाही. दुसऱ्या कडव्याला किनुयोताईंनी रुमाल तोंडावर दाबला. खांदे अगदी हात्सुएसारखे हलत होते. गुरुजी भिंतीकडे वळले. तिसरं. बोट लागली. मी डोळे घट्ट मिटून जोर लावला. कान तेवढे गरम झाले.

टेप संपल्यावर म्हणालो, ताई, मला नाही जमलं. पण तुम्ही रडलात, ते माझ्या वतीने धरा. तिला नेऊ नका.

त्यांनी रुमाल काढला. त्या हसत होत्या. म्हणाल्या, रडतंय कोण, भावोजी! तुम्ही गुणगुणता हो गाण्याबरोबर. बोट एका बंदराला आणि तुम्ही भलत्याच. हात्सुए दर रविवारी फोनवर सांगायची, काल पुन्हा आमच्या ह्यांनी बूट घासता घासता रेकून दाखवलं, रुमाल कोंबून कोंबून माझा जीव गेला. मी म्हणायचे, मग सांग की त्यांना. तर म्हणायची, छे, सांगितलं तर बंद करतील.

गुरुजींनी भिंतीकडे पाहतच मान डोलावली.

मग किनुयोताई खरोखरच रडल्या. बराच वेळ. मी इस्त्रीचा रुमाल दिला. जाताना त्यांनी रिकामा कलश पुन्हा कापडात बांधला. म्हणाल्या, राहू दे तिला सगळीच्या सगळी इथे. तिकडे तिला हसवायला आहे कोण?

मी गुणगुणतो हे मला मान्य नाही. गुणगुणत असतो तर सर्वांत आधी मलाच ऐकू आलं असतं. किनुयोताईंचंही वय झालंय.

संध्याकाळी भांडी घासली. तोंड घट्ट मिटून घासली. शेवटच्या वाडग्यापाशी विसरलो.