हिरवा दोरा

४ फेब्रुवारी
...अंगण झाडलं, नळाचं पाणी भरलं, कुकर लावला. तेवढ्यात हे दारातून ओरडले, "अवं, बटण तुटलं!" सुईत सोनूच्या ब्लाउजचा हिरवा दोरा होता, तोच वापरला. शर्ट अंगातच, म्हणून तोंडात काडी धरायला लावली. अंगावर शिवताना धरतातच. काडी चावत म्हणाले, "पांढऱ्या शर्टाले हिरवा दोरा? लोक हसतीन मले."
"कोन पाह्यते तुमचं बटण?"
हे गेले त्या सकाळचं एवढंच क्रमाने आठवतं. पुढचं तुकड्यातुकड्यांनी.

६ फेब्रु.
सोनूला नोकरीसाठी एक वेबसाइट करून दाखवायची आहे. विषय: शर्टाला बटण कसं लावावं. नुसती वाचायची नाही, बोटाने सुई ओढून करून पाहायची. पहिली विद्यार्थिनी मी.
"आई, बटण दाब."
मी चित्रातल्या शर्टाचं बटण दाबत राहिले.
"ते नाही वं! खालचं, 'पुढे' लिहिलं ते."
"मंग त्याले बटण काहून म्हणता?"
पोरगी पोट धरून हसली. किती दिवसांनी.
मग दोऱ्याचा रंग निवडायचा होता. मी हिरवा घेतला. लाल अक्षरं आली: चुकलं. कापडाच्या रंगाचा दोरा घ्या. पुन्हा हिरवा. चुकलं. पुन्हा. सोनूचं हसू गेलं. लॅपटॉप मिटला.

९ फेब्रु.
त्या चौघांपैकी एकाचा काका आला होता.
सीताबर्डीत ह्यांची गाडी त्यांच्या कारच्या आरशाला घासली, एवढंच. चौघे उतरले. ह्यांचंच हेल्मेट ओढून ह्यांच्या तोंडावर हाणलं. दात रस्त्यावर. कॉलर धरून कारमध्ये ओढताना शर्ट फाटला, हे खाली पडले, मग लाथा. बरगड्या, मग डोकं. लोकांनी व्हिडिओ काढले, एकातही चेहरा धड नाही. कारच्या सीटखाली चिंधी सापडली, बटणासकट. ते चौघे म्हणतात, ती ह्यांच्या शर्टाची नाहीच. १२ला कोर्टात मला ती ओळखायची आहे.
काका म्हणाला, "वहिनी, 'नाही वळखत' म्हना, बस. असे बटणं छप्पन रायतेत." चहा संपवला. कप बशीत नीट ठेवला. दारात वळून, "पोरगी स्कूटीवर जाते नं? ट्रक लय रायतेत त्या रोडनं."
तो गेल्यावर तो कप पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने ठेचला. भुगा होईपर्यंत.

१० फेब्रु.
सकाळी दारात सोनूची स्कूटी. सीट चाकूने उभी फाडलेली, आतला स्पंज कोथळ्यासारखा बाहेर.
वाचनालयाचं पुस्तक पालथंच पडलंय. अक्षरं मला लग्नानंतर लागली, ह्यांच्या पेपरवरून. आता ओळ डोळ्यांत शिरत नाही. दिवसभर एकच दिसतं: चौघांच्या तोंडात काडी द्यावी आणि अंगावर शिवावं. कापड नाही. कातडं.
सीट शिवायला बसले. सुई बोटात खोल गेली. लगेच काढली नाही.

११ फेब्रु.
सोनूला म्हटलं, "नाही वळखत म्हनून देऊ का, माय? ते तर गेले. तू हायेस."
तिने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "निवड."
"काय?"
"निवड नं वं."
हिरवा घेतला. लाल अक्षरं आली नाहीत. सुई पुढे सरकली.
"आता चालते?"
"चालते. माह्यासाठी तू खोटं बोलशीन, ते नाही चालत." मग रडली. आधी मला चिडून धक्का दिला, मग रडली.

१३ फेब्रु.
काल अंगण झाडलं, पाणी भरलं, कुकर लावला. स्कूटी काढू दिली नाही, दोघी ऑटोने गेलो. काका समोरच्या बाकावर होता. माझ्याकडे नाही, सोनूकडे पाहत होता. मी चिंधी हातात घेतली आणि म्हटलं, "दोरा माझा हाय. मीच लावलं हे बटण, त्यांच्या अंगावर."